रिपोर्टात आठ पदार्थ पॉझिटिव्ह. मग मुलाला ॲलर्जी नेमकी कशाची?

गोव्यातल्या वाळपईजवळच्या गावातून एका आईने विचारलंय. मुलगा चार वर्षांचा. मे महिन्यात घरीच भाजलेल्या काजूगराचे दोन-तीन तुकडे खाल्ले आणि दहाएक मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. आजीने सोलं (कोकमं) चोळली, मग आरोग्य केंद्रात नेऊन इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत मूल खेळायला लागलं. पुढे कुणीतरी सांगितलं म्हणून रक्ताचं ‘फूड ॲलर्जी पॅनेल’ करून घेतलं. त्यात काजू, सुंगटं (कोळंबी), शेंगदाणा, दूध, अंडं, गहू, तूर आणि नारळ असे आठ पदार्थ तांबड्या अक्षरांत आले. जूनपासून आठही बंद आहेत. पाच महिने झाले, वजन १३.६ किलोवरून हललेलं नाही. हे पथ्य किती दिवस पाळायचं, पुन्हा टेस्ट कधी करायची, आणि सहा महिन्यांच्या धाकट्या मुलीचीही आताच टेस्ट करून घ्यावी का, असे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. मुलाला काजूची ॲलर्जी आहे याविषयी मला फारशी शंका नाही. उरलेल्या सातांपैकी बहुतेकांची नसावी. पथ्य काजूचं (आणि त्याच्या जोडीने पिस्त्याचं) ठेवायचं, बाकीचे पदार्थ एकेक करून ताटात परत आणायचे, त्यातले दोन-तीन डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर. धाकटीची टेस्ट नको. मी मुलाला हात लावून तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवून मगच सुरू करा.

काजूबद्दल एवढी खात्री कशावरून? रिपोर्टावरून नव्हे, तुम्ही लिहिलेल्या हकिकतीवरून. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांच्या आत त्रास, तोही गांधी, सूज, उलटी असा एकापाठोपाठ एक, आणि काही तासांत सगळं निवळलेलं. तात्काळ प्रकारच्या ॲलर्जीचं हे अगदी ठरलेलं रूप आहे. शिवाय पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात: गेल्या दिवाळीत काजू घातलेला लाडू त्याने तोंडात घेतला आणि ‘चावता’ म्हणून थुंकून टाकला. तुम्हाला तेव्हा ते नखरे वाटले. माझ्या मते साऱ्या पत्रात सर्वांत मोलाची ओळ ती. लहान मुलांना ‘घशात खाज येते’ असं सांगता येत नाही. ती म्हणतात तिखट लागतं, टोचतं, चावतं, किंवा नुसती जीभ बाहेर काढून पुसत बसतात. एकच पदार्थ, दोन वेगळ्या वेळा, दोन्ही वेळा त्रास. इथे निदान जवळजवळ झालेलंच असतं. टेस्ट त्यावर फक्त शिक्का मारते.

आता उरलेल्या सात पदार्थांना हाच प्रश्न विचारा: हे खाल्ल्यावर त्याला कधी काही झालं होतं का? तुम्हीच लिहिलंय की सुंगटांचं हुमण तो दीड वर्षाचा असल्यापासून भाताबरोबर खायचा. उकडलेलं अंडं, ऑम्लेट खायचा. चपाती, डाळ, नारळाचा रस घातलेली आमटी हे तर रोजचंच. म्हणजे मे महिन्यापर्यंत हे मूल या सातही पदार्थांवर वाढत होतं. कागदाने सांगेपर्यंत त्याच्या अंगाला त्यातल्या एकाचाही पत्ता नव्हता.

आणखी दोन पुरावे तुमच्याच पत्रात आहेत. दूध बंद केल्यावर तुम्ही शेळीचं दूध सुरू केलंत, तो ते रोज पेलाभर पितो आणि काही होत नाही. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची खरी ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना शेळीचं दूधही चालत नाही. (म्हशीचंही नाही. ‘ए-टू’ म्हणून महाग विकतात तेही नाही.) शेळीचं दूध त्याला पचतंय, ते गाईच्या दुधाऐवजी सापडलेला पर्याय म्हणून नव्हे, मुळात दुधाची ॲलर्जीच नसावी म्हणून. दुसरं, शेजाऱ्यांकडे त्याने दोन बिस्किटं खाल्ली आणि तुम्ही रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिलात. काही झालं नाही. बिस्किटात गहू असतो, बहुधा दुधाची पावडरही. तुमच्या नकळत गव्हाची छोटीशी परीक्षा झाली आणि मुलगा पास झाला.

मग रिपोर्ट खोटा का? खोटा नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. रक्तात त्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं आहेत का, एवढंच ही टेस्ट मोजते. प्रतिपिंडं असणं ही एक गोष्ट, आणि पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं ही दुसरी. पहिलीशिवाय दुसरी सहसा होत नाही, पण दुसरीशिवाय पहिली मात्र सर्रास आढळते. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तेव्हा कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाची प्रतिपिंडं रक्तात असलेली मुलं पाचात एकाच्या आसपास निघाली. खरोखर ॲलर्जी असावी अशी मुलं हजारात एक-दोन. लॅबने ०.३५ युनिट ही रेघ धरलेली असते आणि तिच्या वर जाईल ते सगळं ‘पॉझिटिव्ह’ म्हणून छापलं जातं. तुमच्या रिपोर्टात नारळ ०.३९, तूर ०.४१, गहू ०.४८, अंडं ०.५, दूध ०.६, शेंगदाणा ०.९, सुंगटं १.१ आणि काजू १२.४ आहे. आठही आकडे एकाच तांबड्या रंगात, पण पहिल्या सातांचं आणि आठव्याचं काही गोत्र जुळतंय का बघा. आकडा जितका मोठा तितकी ॲलर्जी असण्याची शक्यता जास्त. मात्र झटका किती जोराचा येईल हे त्या आकड्यावरून कळत नाही, हेही ध्यानात ठेवा. बारीक आकड्याच्या मुलालाही मोठी रिॲक्शन येऊ शकते.

रिपोर्टाच्या डोक्यावर एकूण आयजीई ६४० असं लिहिलंय, त्याने तुम्ही घाबरला आहात. ते विसरून जा. पोटात जंत असले, अंगावर एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा विकार) असला, नाक सतत वाहत असलं तरी हा आकडा वर जातो. खाण्याच्या ॲलर्जीच्या निदानात त्याचा उपयोग नाही.

सुंगटांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण गोव्यात ही गफलत मी सतत बघते. सुंगटांच्या अंगात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. त्याच घडणीचं प्रथिन घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांत असतं आणि झुरळांतही असतं. आपली हवा दमट, पावसाचे चार महिने गाद्या-उशा उन्हाला लागत नाहीत, माइटना आणखी काय हवं? अशा घरातल्या मुलाला धुळीची ॲलर्जी होते, सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, रात्री खोकला लागतो. त्याच्या रक्तात माइटविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार होतात ती टेस्टमध्ये सुंगटालाही चिकटतात. रिपोर्टात सुंगटं पॉझिटिव्ह, आणि मूल मात्र वर्षानुवर्षं सुंगटं खाऊन मजेत! तुमच्या मुलाला सकाळच्या शिंका आहेत असं तुम्ही लिहिलंच आहे. पॅनेलमध्ये धुळीची टेस्ट नव्हती, ती असती तर माझा अंदाज आहे की सुंगटांपेक्षा कितीतरी मोठा आकडा तिथे दिसला असता.

सुंगटं आणि मासळी या दोन वेगळ्या ॲलर्जी आहेत हेही इथेच सांगते. सुंगटं चालत नसतील तर कुर्ल्याही (खेकडेही) बहुधा चालणार नाहीत, कारण दोघं एकाच कुळातली. पण बांगडा, तारली, इसवण यांच्याशी त्याचा संबंध नाही. मासळीतलं दोषी प्रथिन निराळं. बांगडा खाऊन चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगाला खाज सुटणं असा त्रास घरातल्या दोघा-तिघांना एकदम झाला, तर ती ॲलर्जी नसते. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात, टुन्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचं खाज-लाली आणणारं रसायन साठतं आणि ते शिजवून जात नाही. पुढच्या आठवड्यात ताजा बांगडा खाल्ला तर काही होत नाही. अशा एका दुपारपायी जन्मभर मासळी सोडून बसलेली मुलं, आणि मोठी माणसंही, माझ्याकडे येतात. मासे खाणाऱ्या घरात ही शिक्षा साधी नाही.

तसाच काजूचा चीक. तुमची बाग आहे म्हणून लिहिते. मार्च ते मे या दिवसांत मुलं ओल्या बिया हाताळतात, दातांनी फोडायला जातात आणि एक-दोन दिवसांनी ओठांवर, बोटांवर फोड येतात, कातडी सोलवटते. तो टरफलातल्या तेलाचा त्वचेवरचा परिणाम. गर खाऊन दहा मिनिटांत उठणाऱ्या गांधींशी त्याचा संबंध नाही. तुमच्या मुलाचं प्रकरण गराचं आहे.

आता पुढचं पाऊल: त्वचेवरची प्रिक टेस्ट. पालक ‘दोनशे सुया टोचतात’ असं काहीतरी ऐकून येतात. प्रत्यक्षात असं असतं. मुलाला आईच्या मांडीवर बसवायचं, कोपराखालचा हात पुसून त्यावर पेनने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी अर्काचा एक थेंब. आपण विचारलेल्या पदार्थांचेच थेंब ठेवायचे, चार-पाच पुरतात. शिवाय एक हिस्टामिनचा आणि एक नुसत्या सलाईनचा. मग बारीक टोकाच्या लॅन्सेटने थेंबातून कातडीला हलकंसं टोचायचं. रक्त येत नाही, मुंगी चावल्याइतकं जाणवतं. पंधरा मिनिटं हात धरून ठेवायचा आणि गोष्ट सांगायची, कारण खाज सुटते आणि मूल खाजवायला बघतं. हिस्टामिनच्या जागी डासाच्या दंशासारखी गांध उठली पाहिजे. ती उठली नाही तर टेस्टच धरायची नाही. बाकीच्या गांधी मिलिमीटरच्या पट्टीने मोजायच्या. सलाईनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. सुंगटासारख्या पदार्थाला तयार अर्कापेक्षा घरचा डबा बरा: शिजवलेल्या सुंगटात लॅन्सेट खुपसून तोच मुलाच्या हाताला टोचतात. या टेस्टचं खरं बळ नकारात आहे. ती निगेटिव्ह आली की तात्काळ ॲलर्जी नसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. पॉझिटिव्ह आली तर मात्र पुन्हा हकिकतीकडेच परतावं लागतं. टेस्टच्या आधी पाच ते सात दिवस सेटिरिझिनसारखं ॲलर्जीचं औषध बंद हवं. सर्दीच्या बऱ्याच सिरपांतही अशी औषधं असतात, बाटलीवरचं वाचा, नाहीतर फेरी फुकट जाते.

हकिकत आणि टेस्ट यांचा मेळ बसत नसेल तेव्हा एकच मार्ग उरतो. पदार्थ खाऊ घालून बघणं, म्हणजे ओरल फूड चॅलेंज. निदानाचा शेवटचा निवाडा जगभर याच टेस्टने होतो. बालरोगतज्ज्ञ आणि तातडीची सोय जिथे हाताशी आहे अशा इस्पितळात, सकाळच्या वेळी, मूल ठणठणीत असताना करायची. चिमूटभरापासून सुरुवात, दर वीस-तीस मिनिटांनी मात्रा वाढवत त्याच्या वयाच्या एका वाढपापर्यंत जायचं आणि शेवटच्या घासानंतर निदान दोन तास तिथेच थांबायचं. ताप, खोकला, दम्याचा जोर असेल तर त्या दिवशी नाही. आणि काजूसाठी तुमच्या मुलाला सध्या चॅलेंज नकोच. जे ठाऊक आहे ते पुन्हा सिद्ध करायला मुलाला धोक्यात घालू नये.

तर परत आणायचा क्रम माझ्या मते असा राहील. नारळ, तूर, गहू घरी. सकाळी, मूल निरोगी असताना, पहिल्या दिवशी अर्धा चमचा, दुसऱ्या दिवशी दुप्पट, तीन-चार दिवसांत नेहमीचं वाढप. एक पदार्थ नीट बसला की दुसरा. दोन नवे पदार्थ एकदम नकोत, काही झालं तर कुणामुळे ते कळत नाही. नारळ मला वाटतं तुम्ही आजच द्याल. नारळाची खरी ॲलर्जी फार विरळा, आणि आपल्याकडे नारळ बंद म्हणजे स्वयंपाकच बंद. गाईचं दूधही शेळीच्या दुधाच्या जागी थोडं थोडं करत घरी आणता येईल, डॉक्टरांना कळवून.

अंडं, शेंगदाणा आणि सुंगटं यांची आधी प्रिक टेस्ट, आणि पहिला घास दवाखान्यात. तुम्ही म्हणाल, मे महिन्यापर्यंत तर तो हे खात होता! हो, पण रक्तात प्रतिपिंडं असलेल्या मुलाचा पदार्थ बरेच महिने तोडला तर क्वचित अंगाची सवय मोडते आणि पूर्वी पचणारा पदार्थ पुन्हा दिल्यावर खरोखरीची रिॲक्शन येते. विशेषतः एक्झिमा असलेल्या मुलांत. नुसत्या कागदावरून पदार्थ बंद करू नयेत असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो ते एवढ्यासाठी. वजन घटतं ते वेगळंच. अंड्याच्या बाबतीत एक सोय आहे: केकमध्ये पुरतं भाजलेलं अंडं, अंड्याची खरी ॲलर्जी असलेल्या मुलांतही साधारण सत्तर टक्क्यांना चालतं. म्हणून सुरुवात केकच्या तुकड्याने, मग उकडलेलं, मग ऑम्लेट.

काजूचं पथ्य मात्र कडक. काजू आणि पिस्ता सख्खे भाऊ, एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याची बहुधा असतेच. बदाम, अक्रोड तो आधी बिनत्रास खात असेल तर चालू राहू द्या. आंबा त्याच कुळातला असला तरी तो खात आलाय, त्याला कात्री नको. काजू लपलेला असतो तो हॉटेलातल्या पांढऱ्या दाट ग्रेव्हीत, पुलावात, आइस्क्रीमच्या चुऱ्यात, मणगण्यात (चणाडाळीच्या खिरीत), चवथीच्या नेवऱ्यांच्या सारणात, देवळातल्या पंचखाद्यात. पाकिटावरच्या मजकुरात काजू-बदामासारखा सुकामेवा, शेंगदाणे, दूध, अंडं, मासळी, कवचवाले जलचर, सोयाबीन, ग्लुटेनची धान्यं यांचा स्वतंत्र उल्लेख आता आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी सक्तीचा केला आहे. तो वाचायची सवय लावा. मिठाईच्या दुकानात ती सोय नाही. तिथे एकाच सुरीने काजूकतली आणि पेढा कापतात, तेव्हा सुट्टी मिठाई नकोच. मोसमात बिया भाजण्या-फोडण्याचं काम चालू असताना त्याला अंगणात ठेवू नका, आणि फोडणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय त्याला भरवू नये. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने प्रथिन निघत नाही.

आता मेमधल्या त्या दिवसाबद्दल, ज्याविषयी तुम्ही सर्वांत कमी लिहिलंय. अंगभर गांधी आणि ओठांची सूज, त्याच्या जोडीला दोन उलट्या. कातडी आणि पोट, अशा दोन ठिकाणी एकाच वेळी, खाल्ल्यावर लगेच. आम्ही याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची तीव्र रिॲक्शन, धरतो. श्वास लागला नाही म्हणून त्याला साधं ‘पित्त उठलं’ म्हणायचं नाही. सोलं चोळल्याने नुकसान काही नाही, कोकम थंड वाटतं. पण त्यात वेळ घालवू नये. यावरचं पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलीटरला एक मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमधून (औषधाच्या काचेच्या कुपीतून) तुमच्या मुलाला आजच्या वजनाने सुमारे ०.१४ मिलिलीटर. आराम पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. एव्हिल या ॲलर्जीच्या औषधाने खाज कमी होते, स्टिरॉइड कित्येक तासांनी काम करतं. घसा सुजत असताना किंवा रक्तदाब उतरत असताना या दोहोंपैकी एकही उपयोगी पडत नाही. तरीही अनेक दवाखान्यांत आधी तीच दोन देतात आणि ॲड्रेनलिनला हात लावायला बिचकतात. मे महिन्यात त्याला कोणतं इंजेक्शन दिलं ते केसपेपरवर बघून ठेवा.

परदेशात यासाठी पेनासारखं तयार इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते सहजासहजी हाती लागत नाही. तुम्ही राहता तिथून बांबोळीला गोमेकॉला (गोवा मेडिकल कॉलेजला) पोचायला तासभर तरी जाणार, म्हणून तुमच्या डॉक्टरांशी बोलून ॲम्प्युल, एक मिलिलीटरची सिरिंज आणि त्याच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेला कागद असा डबा घरी ठेवावा असं माझं मत. भरायचं कसं, टोचायचं कुठे, हे त्यांच्यासमोर सलाईनच्या ॲम्प्युलवर करून दाखवा, तुम्ही आणि आजी दोघींनी. बालवाडीतही एकाला शिकवा. डबा उन्हात, गाडीच्या कप्प्यात नको. ॲम्प्युलची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसत्या तोंडाभोवती दोन गांधी उठल्या तर ॲलर्जीचं सिरप द्या आणि लक्ष ठेवा. पण आवाज घोगरा झाला, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला लागला, छातीतून शिट्टी वाजायला लागली, गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, मूल पांढरं पडलं किंवा मलूल झालं, तर आधी ॲड्रेनलिन, मग १०८ ला फोन. आडवं ठेवा, पाय उंच करा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी इस्पितळात न्यायचंच, काही मुलांना काही तासांनी दुसरी लाट येते.

हे सगळं करताना छातीकडे दुर्लक्ष नको. दमा ताब्यात नसलेल्या मुलाला खाण्याची रिॲक्शन जास्त जोराची येते. रात्रीचा खोकला आणि सकाळच्या शिंका डॉक्टरांना स्वतंत्रपणे दाखवा, गादी-उशा उन्हात टाका, चादरी गरम पाण्यात धुवा. कधीकधी वाटतं, या प्रकरणात सर्वांत फायद्याचा उपचार तोच ठरेल.

देखरेख कशी ठेवायची? वजन-उंची आधी. चार वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन साधारण १६.३ किलो असतं, १२.७ च्या खाली गेलं तर ते कमी वजन धरतात. तुमचा मुलगा त्या दोहोंच्या मध्ये आहे, पण या वयात वर्षाला दोनेक किलो वाढायला हवं, म्हणजे पाच महिन्यांत पाऊण किलोच्या आसपास वाढ चुकली. पदार्थ परत आले की ती भरून निघते. तरी तीन महिने दर महिन्याला त्याच काट्यावर वजन करा आणि तक्त्यावर खूण करून घ्या. तोवर नाचणीचं सत्त्व, मूग, केळी, मासळी, तूप भरपूर द्या. यातली पहिली चार तर बंदच नव्हती.

टेस्ट पुन्हा कधी? पॅनेल पुन्हा कधीच नाही. फक्त काजूची, वर्षातून एकदा पुरे. शक्य असेल तर काजूच्या मुख्य साठा-प्रथिनाची, ‘आना ओ ३’ नावाची टेस्ट करून घ्या, ती अख्ख्या काजूच्या टेस्टपेक्षा नेमकी. दूध आणि अंडं यांच्या ॲलर्जी बहुतेक मुलांत शाळेच्या वयात सुटतात. काजू-पिस्त्याची सुटणारी दहात एखादीच. पण ती एखादी तुमची असू शकते, म्हणून आकडा दरवर्षी उतरत गेला आणि मधे चुकून खाल्ल्यावर काही झालं नाही तर इस्पितळात चॅलेंज करून बघायचं. आकडा उतरला म्हणून घरी कणभर देऊन बघणं मात्र नको. मधल्या काळात काही झालं तर वहीत लिहा: काय खाल्लं, किती, किती वाजता, पहिली खूण कोणती, त्या दिवशी ताप होता का, धावपळ झाली होती का. फोनवर गांधींचा फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत त्या गेलेल्या असतात आणि ‘लाल लाल झालं होतं’ एवढंच हाती राहतं. हेही लक्षात असू द्या की लहान मुलांत अंगावर गांधी उठण्याचं सर्वांत नेहमीचं कारण व्हायरल ताप हेच असतं. दोन-तीन दिवस येत-जात राहणाऱ्या गांधी असतील तर त्या दिवशीच्या जेवणाला दोष देऊ नका.

केसांवरून, आयजीजीवरून शंभर-दोनशे पदार्थांची ‘इनटॉलरन्स’ सांगणाऱ्या टेस्ट घरपोच विकल्या जातात. आयजीजी ही आयजीईहून निराळी प्रतिपिंडं, तो पदार्थ तुम्ही खात आला आहात याची नुसती खूण. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच ती निदानाला वापरू नये असं सांगितलं. त्यावर पैसे घालू नका.

धाकटीकडे येऊ. तिला काही झालेलं नाही, म्हणून तिची टेस्ट नको. केलीत तर तिच्याही कागदावर चार तांबडे आकडे येतील आणि ते पदार्थ तुम्ही तिला द्यायला घाबराल. आणि अशा घाबरण्याने ॲलर्जी वाढते, घटत नाही. २०१५ साली लंडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जोखमीच्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळले. सुरू केलेल्यांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी निघाली. तेव्हा सहा महिने पूर्ण झाल्यावर पेजेबरोबर एकेक पदार्थ येऊ द्या: पूर्ण शिजलेलं अंडं, शेंगदाण्याचं गुळगुळीत वाटण पातळ करून, मासळी, गव्हाची खीर. तिला ठळक एक्झिमा असेल तर तेवढं आधी डॉक्टरांना दाखवा. पुढे काजूचं वाटणही तिला द्यायला हरकत नाही, फक्त भाऊ बालवाडीत गेलेला असताना, वेगळ्या वाटीत, आणि नंतर हात-तोंड-ओटा साबणाने धुऊन. एकदा सुरू केलेला पदार्थ आठवड्यातून दोन-तीनदा पोटात जात राहिला पाहिजे. अख्खे शेंगदाणे किंवा काजूगर मात्र पाच वर्षांपर्यंत नकोत. तिथे भीती ॲलर्जीची नाही, श्वासनलिकेत अडकण्याची आहे.